व्होकल फ्रायचा सराव: रियाजात किती करावा, कसा करावा आणि कुठे थांबावे?

काळीचार_तंबोरा (धागाकर्ती)

गेली दीड वर्षे मी सकाळच्या रियाजाच्या आरंभी व्होकल फ्राय नावाचा एक छोटा सराव करते आहे. त्याने माझ्या आवाजाचे भले झाले. मात्र त्याआधी तोच सराव चुकीच्या रीतीने केल्यामुळे जवळजवळ महिनाभर माझे गाणे बंद राहिले होते. हल्ली पुण्यात गाणे शिकणाऱ्या तरुण मुलामुलींच्या तोंडी हा शब्द सारखा येतो. मोबाइलवरचे एखादे मिनिटाचे चित्रण पाहून बहुतेकांनी तो मी सुरुवातीला केला तसाच, म्हणजे दाबून, मोठ्याने आणि वेळेचे भान न ठेवता चालवलेला दिसतो. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

प्रथम हा आवाज कोणता ते सांगते. पहाटे नुकतीच जाग आलेली असताना अंथरुणातूनच कुणाला ओ दिली, तर शब्दाच्या शेवटी घशातून एक करकर निघते. जुन्या वाड्याचे दार अगदी सावकाश ढकलल्यावर बिजागरीतून यावी तशी ती असते, आणि कान देऊन ऐकले तर तिच्यातला एकेक ठोका सुटा मोजता येतो. हाच फ्राय. त्या वेळी स्वरतंतू आखूड, जाड आणि सैल झालेले असतात. ते बराच काळ मिटलेले राहतात आणि मधूनमधून हवेचा एखादाच बुडबुडा त्यांच्यातून वर सुटतो. हे ठोके सेकंदाला साधारण ७० पेक्षा कमी असल्यामुळे कानाला सलग स्वर ऐकू न येता करकर ऐकू येते. अमेरिकी ध्वनिशास्त्रज्ञ हॅरी हॉलीन यांनी १९७४ मध्ये आवाजाच्या पातळ्यांची जी मांडणी केली, तिच्यात ही सर्वांत खालची पातळी आहे. तिच्या वर आपला नेहमीचा बोलण्या-गाण्याचा आवाज येतो आणि त्याच्याही वर अगदी पातळ, हलका आवाज. म्हणजे फ्राय हा काही आजार नव्हे, प्रत्येक निरोगी गळ्यात तो असतोच.

आता माझी हकिकत. मी काळी चारमध्ये गाते, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी हा माझा 'सा', आणि सकाळच्या सत्रात शाळेत शिकवते. माझ्या आवाजाचा जुना दोष असा की स्वराच्या आधी हवा निसटायची. गुरुजी म्हणत, 'सा लाव, ह्सा नको.' चाळीस मुलांच्या वर्गात चार तास बोलून आल्यावर तर संध्याकाळच्या शिकवणीत तो 'ह' सुराएवढाच मोठा ऐकू यायचा. एका चित्रणात सांगितले होते की फ्रायने स्वरतंतू घट्ट मिटायला शिकतात. मी रोज वीस मिनिटे ते सुरू केले. ठोके मोठ्याने ऐकू आले म्हणजे सराव चांगला झाला, अशी माझी समजूत होती. आठवड्याभरात आवाज जड लागू लागला. त्याला मी 'आवाजाला वजन आले' असे समजत राहिले. नवव्या दिवशी तार षड्ज (वरच्या सप्तकातला सा) हलका लावायला गेले, तर नुसती हवा आली आणि क्षणभराने स्वर फुटला.

कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे दुर्बिणीने तपासणी झाली. जीभ कापसाच्या पट्टीने धरून ठेवतात, आपण 'ईऽऽ' म्हणायचे आणि लुकलुकत्या प्रकाशामुळे स्वरतंतूंची हालचाल पडद्यावर संथ झालेली दिसते. दोन्ही कडा मध्यावर किंचित फुगलेल्या मला स्वतःला दिसल्या. (मानुएल गार्सिया या गायनशिक्षकाने १८५४ मध्ये दंतवैद्याच्या आरशातून स्वतःचे स्वरतंतू पाहिले होते, हे मला नंतर कळले. हे अवयव पाहण्याची पहिली ओढ एका गाणे शिकवणाऱ्याला लागावी, याचे मला फार अप्रूप वाटते.) सुदैवाने गाठ नव्हती. काही दिवस मौन आणि त्यानंतर व्हॉइस थेरपी, म्हणजे आवाज नीट वापरायला शिकवणारे उपचार, असे ठरले. थेरपीच्या चौथ्या भेटीत थेरपिस्टबाईंनी मला पुन्हा फ्रायच करायला सांगितले, तेव्हा मी चकित झाले. मात्र त्यांनी शिकवलेला फ्राय आणि मी करत होते तो, यांत कमालीचे अंतर होते.

त्यांनी मला खुर्चीत नीट टेकून बसवले, एक साधा श्वास घेऊन त्यातला अर्धा सोडून द्यायला सांगितले आणि उरलेल्या श्वासावर, थकून घरी आल्यावर आपण 'अऽ' करतो तसा सुस्कारा बोलण्याच्या पट्टीतून खाली उतरू द्यायला सांगितला. खाली येता येता आवाज आपोआप ठोक्यांत सुटला. मोठा करू नका, वर नेऊ नका, पुढे ढकलू नका, एवढेच त्या म्हणत राहिल्या. शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला जेमतेम ऐकू येईल इतकाच आवाज. तीन-चार सेकंद आणि मग थांबायचे. हे चार-पाच वेळा झाल्यावर पुढचा भाग आला, आणि माझ्या मते सगळा अर्थ या भागातच आहे: ठोके चालू असतानाच, जबडा न हलवता आणि श्वास न वाढवता, तिथून हळूच एका सोप्या स्वरावर यायचे. माझ्यासाठी तो मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला प) होता. त्या दिवशी तो 'ह'शिवाय लागला. मी काही केले म्हणून तो लागला नव्हता. इतक्या थोड्या हवेवरही तंतू भेटतात, हे गळ्याला पहिल्यांदाच कळले होते.

सध्या माझा क्रम असा आहे. कोमट पाणी, मग दोन-तीन मिनिटे मिटल्या ओठांनी गुणगुणणे, मग अर्धे मिनिट फ्राय आणि त्यातून स्वरावर येणे, आणि मग तंबोरा. सगळ्या रियाजात फ्रायचा वाटा दोन मिनिटांच्या वर जात नाही. घशात खाज आली, खोकला आला किंवा खाकरावेसे वाटले, तर त्या दिवशी तो सोडून देते. आपणांपैकी कुणी हा सराव केला असेल तर अनुभव अवश्य लिहावेत.


खर्जप्रेमी

ताई, अत्यंत उपयुक्त लेखन. मी पर्वती परिसरात राहतो, काळी एकमध्ये गातो आणि गेली सहा वर्षे पहाटे खर्जाचा, म्हणजे खालच्या सप्तकातल्या खोल स्वरांचा, रियाज करतो. माझी शंका अशी की मंद्र षड्जाकडे उतरताना माझ्या आवाजात आपण वर्णन केलेली करकर हमखास येते. आमच्या वर्गातले काही जण तिलाच खर्ज लागला असे म्हणतात. मग खर्जसाधना आणि फ्राय या एकच गोष्टी समजायच्या का? तसे असेल तर दोन मिनिटांची मर्यादा आमच्या अर्ध्या तासाच्या रियाजाला कशी लागू होणार?


काळीचार_तंबोरा

दादा, हाच प्रश्न मी थेरपिस्टना विचारला होता. उत्तरासाठी आधी थोडे आकडे पाहू.

काळी एक ही पुरुषांची पट्टी घेतली, तर मध्य षड्ज सेकंदाला सुमारे १३९ कंपनांचा येतो. मंद्र पंचम सुमारे १०४ आणि मंद्र षड्ज सुमारे ६९. म्हणजे आपला मंद्र षड्ज नेमका त्या उंबरठ्यावर आहे, जिथे कानाला सलग स्वराऐवजी सुटे ठोके ऐकू येऊ लागतात. गळ्याने किंचित आळस केला की स्वर तुटून करकर सुरू होणार. माझ्या काळी चारमध्ये मध्य षड्ज २०८ च्या आसपास आणि मंद्र षड्ज १०४ च्या आसपास येतो. म्हणजे आपला मंद्र पंचम आणि माझा मंद्र षड्ज एकाच जागी आहेत. तरीही त्या जागी माझा गळा ठोक्यांत उतरू पाहतो आणि आपला उतरत नाही. तेव्हा नुसत्या आकड्यावरून भेद करता येत नाही. स्वरतंतू कसे हलत आहेत, यावर तो ठरतो.

खर्जात तंतू सैल असले तरी त्यांचे कंपन अखंड आणि सारख्या अंतराने चालते. म्हणूनच तो स्वर तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेशी मिळवता येतो. फ्रायमधल्या ठोक्यांचे अंतर कमीजास्त होत राहते, त्यामुळे त्याला सुरात ठेवता येत नाही आणि ठेवायचेही नसते. माझी साधी कसोटी अशी आहे: तंबोरा लावून मंद्र पंचमावरून मींडेने, म्हणजे स्वर न तोडता सरकत, खाली या आणि ज्या क्षणी आवाज तारेत विरघळायचा थांबून वेगळा खडखडू लागेल, तिथे आपला त्या दिवशीचा खर्ज संपला असे समजा. त्याच्या खाली अर्धा तास राहिलात, तर तो अर्धा तास फ्रायचाच आहे, खर्जाचा नव्हे. आपल्या सहाध्यायांना राग येणार नसेल तर हे त्यांना अवश्य सांगा. कारण त्या करकरीला स्वर बनवण्यासाठी माणूस नकळत मान आत ओढतो, हनुवटी छातीकडे नेतो आणि जिभेचे मूळ खाली दाबतो, आणि त्रास तिथून सुरू होतो.


स्वरयंत्र_वाचक

मी पुण्यातच गेली अनेक वर्षे आवाजाच्या रुग्णांबरोबर काम करते. ताईंनी दोन्ही बाजू प्रामाणिकपणे मांडल्या आहेत, तरी काही बाबी ठळकपणे सांगणे मला आवश्यक वाटते.

फ्राय हे आमच्या क्षेत्रातले जुने साधन आहे. अमेरिकेतील व्हॉइस थेरपीचे ज्येष्ठ अभ्यासक डॅनियल बून यांनी आवाज सुलभ करणाऱ्या तंत्रांची जी यादी केली, तिच्यातही त्याचा समावेश आहे. ते उपयोगी पडते, कारण या अवस्थेत फुप्फुसांतून येणारी हवा आणि तिचा दाब दोन्ही अगदी थोडे लागतात. ज्या माणसाला जोर लावूनच बोलायची सवय झाली आहे, त्याला जोराशिवाय तंतू मिटतात हे यातून अनुभवता येते. हा अनुभव देऊन झाला की साधनाचे काम संपते. व्यायामशाळेत वजने वाढवत नेतात, तसा फ्राय वाढवत नेण्याचा सराव नाही. त्याने तंतूंना 'बळ' येते असे जे सांगितले जाते, त्यावर कृपया विसंबू नये.

दाबून केलेला फ्राय कसा ओळखायचा, हे अनेक जण विचारतात. खऱ्या स्वरतंतूंच्या थोडे वर आणखी दोन घड्या असतात, त्यांना आपण खोटे स्वरतंतू म्हणू. जोर लावला की त्या आत सरकतात आणि खालच्या तंतूंवर जवळजवळ टेकतात. मग ठोके दाट, कर्कश आणि मोठे होतात आणि घसा आवळल्यासारखा वाटतो. आरशासमोर बसून फ्राय चालू असतानाच जबडा सैल हलवून पाहा आणि जीभ ओठांपर्यंत आणून पाहा. ठोके न बदलता हे जमत असेल, तर बहुधा आपण ठीक करत आहात. मानेच्या दोन्ही बाजूंचे स्नायू दोरीसारखे उभे राहिलेले दिसले, तर तत्काळ थांबा.

आणखी एक चाचणी गाणाऱ्यांनी रोज करावी. सरावाच्या आधी तार सप्तकातला एखादा स्वर अगदी हलक्या आवाजात, 'ऊ'वर, लावून पाहावा. सरावानंतर तोच स्वर तितकाच हलका पुन्हा लावावा. दुसऱ्या वेळी स्वराच्या आधी हवा येत असेल किंवा तो उशिरा फुटत असेल, तर कडांवर सूज आली आहे असे धरून त्या दिवशीचा रियाज तिथेच आवरावा. मोठ्या आवाजात ही सूज झाकली जाते, म्हणून चाचणी हलक्या आवाजातच करायची. ताईंना नवव्या दिवशी तार षड्जावर जे जाणवले ते हेच होते.

आवाज बसलेला असताना, सर्दी-खोकल्यात घसा लाल असताना किंवा घशाच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय हा सराव करू नये. आवाजातला घोगरेपणा चार आठवड्यांत गेला नाही, तर स्वरयंत्राची तपासणी करून घ्यावीच. आवाजावर पोट असलेल्यांनी, म्हणजे गायक, शिक्षक, कीर्तनकार, निवेदक यांनी, चार आठवडेही थांबू नये.


पथकातला_ताशा

माझा प्रश्न वेगळा आहे आणि थोडा तातडीचाही आहे. मी एका ढोल-ताशा पथकात आहे आणि सुगम संगीतही शिकतो. गणेशोत्सवाच्या आधी नदीकाठी सराव चालतो, त्यात ताशाच्या आवाजावर सूचना ओरडून द्याव्या लागतात. मिरवणुकीनंतर दर वर्षी माझा आवाज चार-पाच दिवस बसतो. एका मित्राने सांगितले की अशा वेळी फ्राय केल्यास आवाज लवकर मोकळा होतो, कारण बसलेल्या आवाजात फ्राय सहज निघतो. हे खरे आहे का?


स्वरयंत्र_वाचक

दादा, कृपया असे करू नका. बसलेल्या आवाजात करकर सहज निघते, कारण सुजलेले तंतू जड झालेले असतात. ते जडपणाचे लक्षण आहे, मोकळेपणाचे नव्हे. सुजलेल्या कडा पुन्हा पुन्हा एकमेकींवर आपटणे म्हणजे लागलेल्या पायावर उड्या मारण्यासारखे आहे.

त्या दिवसांत शक्य तितके मौन पाळा, पाणी प्या आणि गरम पाण्याची वाफ घ्या. घसा साफ करण्यासाठी खाकरू नका, त्याऐवजी एक घोट पाणी गिळा. कुजबुजत बोलणे म्हणजे विश्रांती नव्हे, जोर लावून केलेली कुजबुजही ताण देते. थोडे बोलावेच लागले तर हळू, पण खऱ्या आवाजात बोला. ओरडता ओरडता आवाज एकाएकी गेला तर मात्र एकही शब्द न बोलता तपासणीला जा. तंतूतली बारीक रक्तवाहिनी फुटून असे होऊ शकते आणि त्यात पूर्ण मौनाला पर्याय नाही. आपण ॲस्पिरिनसारखी औषधे घेत असाल तर ते डॉक्टरांना सांगा, कारण त्यांनी रक्तस्रावाची शक्यता वाढते. आणि पुढच्या वर्षीपासून सूचनांसाठी शिट्टी आणि हातांच्या खुणा ठरवून घ्या. ताशापेक्षा वरचा आवाज मानवी गळ्याने काढावा, अशी अपेक्षा कोणत्याही सरावाने पुरी होणार नाही.


पथकातला_ताशा

मनापासून आभार. शिट्टीचे आमच्या पथकप्रमुखांशी आजच बोलतो.


रमणबागेचा_श्रोता

माझे वय चौऱ्याहत्तर आहे. १९५३ मध्ये सुरू झालेला शास्त्रीय संगीताचा सवाई गंधर्व महोत्सव पुण्यात रमणबागेच्या पटांगणात रात्रभर चालत असे, त्या काळापासूनचा मी श्रोता आहे. स्वतः थोडे गातो. या चर्चेत मला एक खटकते, ते आदरपूर्वक लिहितो. आपल्याकडे पहाटेचा खर्ज, ओंकार, षड्जसाधना हे सर्व पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांनी याच पुण्यात संगीत विद्यालय चालवले. त्यांच्या परंपरेतल्या स्वरलगावाची नजाकत सगळ्या देशाने मानली. त्यांना फ्राय ठाऊक नव्हता. मग गळ्याला नवे खूळ कशाला?

दुसरे असे की आवाजात जी 'जवारी', म्हणजे तंबोऱ्याच्या तारेसारखी झळाळी, असते, तिच्यासाठी ही करकर उपयोगी आहे असे एका तरुण गायकाने मला सांगितले. मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी काढताना कारागीर घोडीवर किती वेळ घासत बसतो, हे मी जवळून पाहिले आहे. त्या कलेचे नाव या करकरीला द्यावे, हे मला पटत नाही.


काळीचार_तंबोरा

काका, आपण लिहिलेत हे फार बरे झाले. जवारीबद्दल मी आपल्याशी पूर्ण सहमत आहे.

तंबोऱ्याची तार घोडीच्या किंचित बाकदार पृष्ठभागाला ओझरती स्पर्श करत कंप पावते, तिच्याखाली सुताचा धागा सरकवून तो स्पर्श नेमका साधतात आणि त्यातून वरच्या स्वरांची सारी मालिका उजळून निघते. तार सुरातच असते, किंबहुना तिचा सूर अधिक स्पष्ट होतो. गळ्यातल्या जवारीचेही तसेच असावे. तंतू प्रत्येक कंपनात स्वच्छ आणि पूर्ण मिटले की आवाजात वरचे अंश भरपूर येतात आणि तो तेजस्वी वाटतो. फ्रायमध्ये सूर मुळातच राहत नाही. गाताना आवाजात करकर मिसळणे म्हणजे जवारी नव्हे. तसे करणाऱ्या एका विद्यार्थिनीला मी ऐकले आहे. प्रत्येक स्वराचा आरंभ तिने करकरीने केला आणि तिची भूप रागाची सुंदर आलापी ऐकताना माझे सारे लक्ष त्या ओरखड्याकडेच जात राहिले.

आता पहिला मुद्दा. खर्ज आणि ओंकार यांची जागा फ्राय घेऊच शकत नाही. ज्याचा षड्ज पहिल्या क्षणी स्वच्छ लागतो, त्याला याची गरज नाही, असे मी निःशंकपणे म्हणेन. पण माझ्यासारखी, दिवसाचे चार तास वर्गात आवाज ताणून आलेली बाई तंबोऱ्यासमोर बसते, तेव्हा तिचा गळा आधीच सावध आणि आवळलेला असतो. त्या गळ्याने केलेली षड्जसाधना ताणासकटच पक्की होत जाते, आणि माझी ती तशीच सात वर्षे झाली. त्या ताणाची गाठ सोडवायला मला हे अर्धे मिनिट लागले. ती सुटल्यावर पुढची सारी वाट आपण म्हणता त्या साधनेचीच आहे.


रंगपीठ

मी हौशी नाटकात काम करतो. एका एकांकिकेत मला वृद्ध मांत्रिकाचा आवाज काढायचा आहे आणि दिग्दर्शकांना संपूर्ण भूमिका करकरत्या आवाजात हवी आहे. तिबेटी भिक्षूंच्या खोल मंत्रपठणासारखा आवाज त्यांच्या मनात आहे. फ्रायच्या सरावाने तो साधेल का?


स्वरयंत्र_वाचक

त्या मंत्रपठणातला घनगंभीर नाद फ्रायचा नसतो. त्यात खोटे स्वरतंतूही कंप पावतात आणि मूळ स्वराच्या अर्ध्या गतीने एक सप्तक खालचा नाद निर्माण होतो. ती दीर्घ प्रशिक्षणाची स्वतंत्र विद्या आहे. तालमीच्या तीन आठवड्यांत ती उचलण्याचा प्रयत्न करू नये.

फ्राय तर मुळात बारीक आवाज आहे. तो प्रेक्षागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवायला गेलात की दाब वाढणारच. भूमिकेचे वय आणि गूढता शब्दांच्या संथ गतीतून, विरामांतून आणि नेहमीपेक्षा दोन-तीन स्वर खालच्या पट्टीतून आणा. करकर फक्त एखाद्या वाक्याच्या अखेरीस, तीही माइक असेल तर, राखून ठेवा. दिग्दर्शकांचा आग्रहच असेल तर दोन प्रयोगांमध्ये पुरेसे अंतर आणि तालमीत अर्धा वेळ साधा आवाज, एवढे तरी मान्य करून घ्या.


औंधची_आई

माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. त्याचा आवाज फुटतो आहे आणि मित्रांसोबत तो दिवसभर ही करकर काढत बसतो. त्याला गाण्याची आवड आहे, म्हणून काळजी वाटते.


स्वरयंत्र_वाचक

गमतीने थोडा वेळ काढलेल्या करकरीने काही बिघडत नाही. या वयात मुलांचे स्वरतंतू लांब आणि जाड होत असतात, आवाज साधारण सप्तकभर खाली उतरतो आणि मध्येच चिरकतो. आपल्या नव्या खोल आवाजाचे त्याला कौतुक वाटणे स्वाभाविक आहे. मात्र सराव म्हणून फ्राय या वयात देऊ नये. गाणे बंद करण्याचीही गरज नाही. सोप्या पट्टीत, मधल्या सप्तकात, थकेपर्यंत न ताणता गाऊ द्यावे आणि दर दोन-तीन महिन्यांनी पट्टी पुन्हा तपासावी. बोलताना मुद्दाम आवाज खाली दाबण्याची सवय लागते आहे का, एवढ्यावर लक्ष ठेवा.


खर्जप्रेमी

तीन आठवड्यांनी पुन्हा लिहितो आहे. ताईंची तंबोऱ्याची कसोटी मी रोज केली. पहिल्याच दिवशी कळले की माझा सुरातला खर्ज मंद्र गंधाराशीच (खालच्या सप्तकातल्या 'ग'शी) संपतो आणि ज्याला मी सहा वर्षे मंद्र षड्ज समजत होतो, तो निव्वळ खडखडाट होता. हे स्वीकारायला दोन दिवस लागले.

त्यानंतर मी गंधाराच्या खाली जाणे थांबवले. फ्राय फक्त चार-पाच सुस्काऱ्यांपुरता, मग त्यातून मंद्र पंचमावर येणे आणि पंचम-मध्यम-गंधार एवढ्यातच संथ फिरणे. हनुवटी छातीकडे जाऊ नये म्हणून समोर भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला एक टिकली लावली आहे आणि तिच्याकडे पाहत गातो. काल प्रथमच मंद्र रिषभ (खालच्या सप्तकातला रे) तारेशी मिळाला. फार वेळ नाही, दोन श्वासांपुरता. पण करकर नव्हती. रियाजानंतर मानेत जो जडपणा यायचा, तोही आता येत नाही. मंद्र षड्ज कदाचित माझ्या गळ्यात नसेलच. तसे असल्यास पट्टी अर्ध्या स्वराने चढवावी का, हे गुरुजींना विचारणार आहे.

एक शंका राहिली. दिवाळीच्या धुरात आणि नंतरच्या कोरड्या थंडीत पहाटे घसा अगदी सुकलेला असतो. तेव्हा क्रमात काही बदल करावा का?


काळीचार_तंबोरा

दादा, आपला रिषभ वाचून मला झालेला आनंद शब्दांत सांगता येत नाही.

धुराच्या दिवसांत मी फ्राय पूर्ण वगळते आणि खिडक्या लावून फक्त गुणगुणते. थंडीत उठल्याबरोबर न करता निदान अर्ध्या तासाने, पाणी पिऊन आणि वाफ घेऊन मग करते. शीतपेयाच्या नळीतून हलकेच स्वर सोडण्याचा सराव अशा दिवसांत मला अधिक मानवतो. अमेरिकी संशोधक इंगो टिट्झ यांनी त्यावर पुष्कळ काम केले आहे. नळीच्या अरुंद तोंडामुळे हवेचा थोडा दाब मागे येतो आणि तंतू एकमेकांवर आपटण्याऐवजी हलके कंप पावतात. रात्रीचे जेवणही या दिवसांत लवकर उरकते, कारण उशिरा जेवून लगेच आडवे झाले की आम्ल घशापर्यंत येते आणि सकाळी जी करकर निघते, ती त्या दाहाची असते. मैफलीहून रात्री उशिरा परतल्यावर हे पाळणे मला अजूनही जड जाते. ज्येष्ठमध मी तोंडात धरते, पण रक्तदाब असणाऱ्यांनी ते रोज आणि पुष्कळ खाऊ नये.


रमणबागेचा_श्रोता

मी आक्षेप घेतला होता, त्यामुळे हेही मीच कळवले पाहिजे. काल पहाटे साडेपाचला उठून, कोमट पाणी पिऊन, ताईंनी लिहिले तसे पाच सुस्कारे सोडले आणि तसाच षड्जावर आलो. वयामुळे माझ्या षड्जाच्या आधी अलीकडे थोडा श्वास सांडतो, तो काल सांडला नाही. आजही करून पाहिले. पाचच वेळा, त्याहून अधिक नाही. त्यानंतर नेहमीप्रमाणे ओंकार केला.


काळीचार_तंबोरा

काका, षड्ज कोणत्या पट्टीत लावलात, तेवढे जरूर लिहा.


रमणबागेचा_श्रोता

पांढरी एक. पूर्वी काळी दोन होती.